कंपोस्ट टी: बॅरलपासून बोदापर्यंत

आधी हिशोब. एका बॅरलच्या कंपोस्ट टीला, म्हणजे कंपोस्टच्या चहाला, पाच किलो खत लागतं. पाच किलो चांगल्या गांडूळ खतात नत्र फार तर ७५ ग्रॅम. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. पाच किलो खताचा चहा एकरभर सोडून खताची मात्रा कमी करायला निघालात तर ऊस पिवळाच पडणार, आणि दोष चहाला लागणार. कंपोस्ट टी हे खत नाही. ते विरजण आहे. कंपोस्टमधले जिवाणू आणि बुरश्या पाण्यात सोडवून घ्यायच्या, भरपूर हवा देऊन एक-दीड दिवस वाढवायच्या आणि जिवंत असतानाच मातीत पोचवायच्या, एवढंच हे काम. विरजण लावायला दूध लागतं. इथे दूध म्हणजे जमिनीतला सेंद्रिय कर्ब. माती परीक्षणात तो ०.४ टक्क्याच्या खाली दिसत असेल (माण, खटाव, जतच्या हलक्या मुरमाड रानात हे नेहमीचंच), तर आधी पाचट, शेणखत, हिरवळीचं खत, चहा त्यानंतर.

जीवामृत आणि द्राक्षबागेत चालणारी स्लरी याहून वेगळी. त्यांत ताजं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून मिश्रण आंबवतात, हवेचा पंप नसतो. कंपोस्ट टीमध्ये ताजं शेण जात नाही आणि मिश्रण आंबू द्यायचं नसतं. आंबलं तर तो बिघडलेला चहा.

कंपोस्ट कसं असावं

बॅरल, पंप, काकवी यांच्या चर्चा फार होतात, कंपोस्टकडे मात्र कोणी वळून बघत नाही. पंप नवीन काही निर्माण करत नाही, खतात जे आहे तेच तो वाढवतो. खतात कुजकट जिवाणू असतील तर तेच लाखांचे कोटी होतील.

ढिगाचं कंपोस्ट असेल तर ढीग तापलेला हवा. ढिगाच्या पोटात ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान किमान १५ दिवस टिकलं पाहिजे आणि तेवढ्या दिवसांत निदान पाच वेळा पलटी झाली पाहिजे, म्हणजे बाहेरचा थर आत जाऊन सगळा माल तापतो. शेणातले रोगकारक जिवाणू मारण्याचा हाच खात्रीचा मार्ग. लांब दांड्याचा थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर ती मुठीत धरवत नसेल तर ढीग तापलाय. आकडा काही कळत नाही, पण गार ढीग तरी ओळखता येतो. तापून झाल्यावर ढीग दोन-तीन महिने मुरू द्यावा.

गांडूळ खताचा चहा उत्तम होतो, पण ते तापत नाही. म्हणून गांडुळांना ताजं शेण देण्याऐवजी आधी तापून थंड झालेलं शेण-पाचट द्या. खत काळं, भुरभुरीत, मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघेल इतकंच ओलं. पोत्यात सहा महिने वाळत पडलेल्या खताच्या चहाला काही अर्थ नाही.

तयार खताची परीक्षा सोपी आहे. दोन मुठी ओलं खत प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर वापरा. आंबूस किंवा अमोनियाचा झटका आला तर खत कच्चं आहे. जोडीला एका कुंडीत खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन मेथी किंवा टोमॅटो पेरा. उगवण नीट झाली नाही किंवा पानं चमच्यासारखी मुडपली, तर त्यात तणनाशकाचा अंश असू शकतो. उसात टू-फोर-डी हे तणनाशक सर्रास मारतात, आणि द्राक्षवेल त्याला किती नाजूक असते हे तासगाव-मिरजेकडच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

तीन गोष्टी टाळा: कोंबडी खत, उकिरड्याच्या वरच्या थरातलं अर्धकच्चं शेण, आणि डिस्टिलरीचं सांडपाणी मुरवून केलेलं मळीचं कंपोस्ट. तिसऱ्यात क्षार फार असतात. शेतात पसरायला ते चालेल, चहाला नाही.

फळबागेसाठी बुरशी जास्त असलेला चहा बरा. त्यासाठी तीन-चार दिवस आधी एक किलो ओलसर खतात मूठभर गव्हाचा कोंडा कालवून उघड्या तोंडाच्या डब्यात, वर गोणपाट टाकून, सावलीत ठेवा. वर पांढरी जाळी चढली की खत तयार. ही जाळी न चुरडता अलगद पाण्यात सोडायची.

बॅरल आणि हवा

खाद्यपदार्थ किंवा पाणी साठवलेला २०० लिटरचा प्लॅस्टिकचा बॅरल घ्या. औषधाचा बॅरल कितीही धुतला तरी नको. त्यात पाणी १८० लिटरच भरायचं. वरची जागा फेसाला.

सगळ्यात जास्त चुका हवेत होतात. दर लिटर पाण्यामागे मिनिटाला निदान ०.३५ ते ०.४ लिटर हवा लागते. म्हणजे १८० लिटरला मिनिटाला ७० लिटर हवा देणारा पंप. मत्स्यालयाचा छोटा पंप २० लिटरच्या बादलीला ठीक आहे, बॅरलला नाही. तो जेमतेम फूट-दीड फूट खोलीपर्यंत हवा ढकलायला बनवलेला असतो. बॅरलात पाणी जवळपास अडीच फूट खोल. तिथे त्याची हवा निम्म्यावर येते. मोठ्या मत्स्यटाक्या आणि बायोफ्लॉकच्या (मासे पाळायच्या) टाक्यांसाठी मिळणारा विद्युतचुंबकीय एअर पंप घ्या. वीज साधारण ४०-५० वॅट, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो.

एअर स्टोनचं (बुडबुडे काढणाऱ्या सच्छिद्र दगडाचं) काही खरं नाही. त्याची बारीक छिद्रं दोन-तीन वेळात बुळबुळीत थराने बुजतात आणि ती आतून साफ होत नाहीत. त्यापेक्षा अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा अधिक चिन्हाच्या (+) आकाराचा सांगाडा करा, टोकांना एंड कॅप, आणि खालच्या बाजूला ३ मिमीच्या ड्रिलने वीस छिद्रं. छिद्रं खाली ठेवली की त्यांत गाळ बसत नाही. छिद्रांचं एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तोंडापेक्षा कमी असलं पाहिजे, नाहीतर सगळी हवा जवळच्या दोन-तीन छिद्रांतूनच निघून जाते. वीस छिद्रांत हे गणित बसतं. सांधे चिकटवू नका, नुसते दाबून बसवा, म्हणजे धुताना सुटे करता येतात. सांगाडा तरंगतो, म्हणून त्यावर धुतलेला दगड बांधा.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, फळीवर किंवा खिळ्याला टांगून. खाली ठेवला आणि लाईट गेली तर पाणी उलट नळीतून पंपात उतरतं आणि पंप जळतो. जागा उंच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका.

आणि लाईट. शेतीपंपाच्या आळीपाळीच्या थ्रीफेज लाईटवर हे काम करू नका. घरची किंवा गोठ्याची सिंगल फेज, सोबत इन्व्हर्टर. पहिल्या दोन-तीन तासांत लाईट गेली तर फार नुकसान नाही, जिवाणू अजून थोडे असतात. पंधराव्या तासाला गेली तर तासाभरात पाण्यातला प्राणवायू संपतो, कारण तेव्हा खाणारी तोंडं सर्वांत जास्त असतात.

पाणी

ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. ते पाणी रात्रभर उघड्या बॅरलात ठेवा किंवा पंप लावून दोन तास नुसती हवा द्या, क्लोरीन निघून जातो. आधी खत टाकून मग क्लोरीन निघायची वाट बघण्यात अर्थ नाही, जे वाढवायचं तेच मेलेलं असतं.

कृष्णाकाठच्या चोपण-खारवट पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटरने मोजा. ६००-७०० पीपीएमच्या वर असेल तर शेततळ्याचं, नदीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. शेततळ्याचं पाणी हिरवंगार असेल तर तेही नको.

प्रमाण आणि वेळ

१८० लिटर पाण्याला:

गांडूळ खत किंवा मुरलेलं कंपोस्ट ५ किलो
काकवी ४०० मिली, किंवा काळसर गूळ ४०० ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून
ह्युमिक ॲसिड १०० मिली (फळबागेसाठी, इतर पिकांना नसलं तरी चालतं)

काकवी गुऱ्हाळातून आणत असाल तर हायड्रॉस (गूळ उजळवायची गंधकयुक्त पावडर) न घातलेली मागा. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण तो रंग बहुतेक वेळा हायड्रॉसने आलेला असतो आणि त्यातलं गंधक जिवाणूंना मारक. फळबागेसाठी काकवी निम्मी करा. साखरेवर जिवाणू झपाट्याने वाढतात आणि बुरशी मागे पडते.

खत नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत सैल बांधायचं. मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून शिवलं की झालं. मलमल फार बारीक, बुरशीचे धागे आतच अडकतात. गोणपाटाचे तंतू सुटून पुढे नोझल तुंबतात. कांद्याच्या जाळीतून तर अर्धं खतच बाहेर पडतं. पिशवी पाण्यात मधोमध, बुडबुड्यांच्या वर लटकवा. तळाला टेकू देऊ नका. सुरुवातीला पाच मिनिटं आणि नंतर दर चार-पाच तासांनी हाताने दाबून-चोळून घ्या.

क्रम असा: पाणी, हवा सुरू, काकवी, मग खताची पिशवी. बॅरल सावलीत, तोंडावर पातळ कापड.

वेळ तापमानावर. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो (२० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात) आणि जिवाणूंची भूक वाढते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये १८ ते २० तासांत काम उरकतं. संध्याकाळी लावा, दुसऱ्या दिवशी दुपार कलताना काढा. पाणी ३० अंशांच्या वर जात असेल तर बॅरलला ओलं पोतं गुंडाळा किंवा काकवी २०० मिलीवर आणा. हिवाळ्यात २४ ते ३० तास. महाबळेश्वर-पाचगणीच्या डिसेंबरात ३६ ते ४८ तासही लागतात. त्याहून जास्त वेळ ठेवून काही मिळत नाही; खाद्य संपतं आणि संख्या घसरते.

मधेच "जरा अजून गूळ" टाकू नका. बिघडलेल्या चहाचं हे सर्वांत मोठं कारण. बाराव्या तासाला साखर पडली की प्राणवायू एकदम खाली येतो आणि पंप कितीही जोरात असला तरी भरून निघत नाही. डीओ मीटर (पाण्यातला प्राणवायू मोजणारा) असेल तर आकडा लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका.

झाला की बिघडला?

नाक हेच मुख्य यंत्र. चांगल्या चहाला नांगरलेल्या ओल्या मातीचा वास येतो. सुरुवातीचा काकवीचा गोड वास शेवटी राहत नाही. गोड वास अजून असेल तर दोन-चार तास थांबा. आंबूस, दारूसारखा, गटारासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो चहा पिकावर जाणार नाही, कितीही वाईट वाटलं तरी. कंपोस्टच्या ढिगावर ओता. तिथे त्याचं काही वाया जात नाही.

फेसावर भरवसा ठेवू नका. गांडूळ खताला फेस जास्त येतो, ढिगाच्या खताला कमी, आणि दोन्ही चहा चांगले असू शकतात. फेस बॅरलबाहेर येत असेल तर खाद्यतेलाचे दोन थेंब पुरेत. पातेलंभर तेल ओतलंत तर पाण्यावर तवंग येईल आणि हवेची देवाणघेवाणच बंद होईल.

पंप बंद केल्यापासून चार तासांत चहा संपवायचा. बाटलीत भरून ठेवलेला, दुकानातून "वर्षभर टिकणारा" म्हणून आणलेला चहा हा चहा नव्हेच.

लाईटचा किंवा पंपाचा भरवसा नसेल तर सरळ अर्क करा. १८० लिटर पाण्यात १० ते १२ किलो खत त्याच जाळीत घालून पंधरा मिनिटं कपडे चुबकतात तसं पिळायचं आणि लगेच मुळाशी सोडायचं. काकवी नाही, हवा नाही, वाट बघणं नाही. संख्या चहाइतकी वाढत नाही, पण बिघडायलाही काही नसतं. आमच्या मते ऊस, हळद, आलं यांच्या जमिनीसाठी दहापैकी आठ शेतकऱ्यांनी चहाच्या भानगडीत न पडता अर्कच करावा.

कुठे, कधी, किती

जमिनीतून एकरी १८० लिटर. पाणी कितीही मिसळा, जीव तेवढेच राहतात. पाचपट पाणी मिसळून सगळीकडे सारखं पोचवणं महत्त्वाचं. जमीन वाफशावर हवी, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही. कोरड्या तापल्या मातीत अर्धे जीव पडताक्षणी मरतात, आणि पाणी साचलेल्या काळ्या रानात प्राणवायू नसतो. दर तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे.

हळदीला आणि आल्याला लागणीनंतर महिना-दीड महिन्यांनी एकदा, भरणीनंतर (बुडाशी माती चढवल्यावर) एकदा. कंदकूज सुरू झालेल्या आल्यात चहा ओतून कूज थांबत नाही. तिथे चर काढून पाणी बाहेर घालवणं हाच पहिला उपाय. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) द्यायचाच असेल तर तो बॅरलात सुरुवातीला टाकू नका, काकवीवर वाढणारे जिवाणू त्याला दाबून टाकतात. सोडायच्या वेळी मिसळा.

द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर बोदात (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यात) पांढरी मुळी चालू झाली की सोडा. बोद उकरून मुळी बघा, तारखेवर जाऊ नका. ड्रिपमधून द्यायचं असेल तर दोनदा गाळून घ्या, कारण फिल्टरची जाळी १२० मेशची असते आणि खताचे कण तिथे थर धरतात. चहानंतर वीस मिनिटं साधं पाणी चालवून लॅटरलची (ड्रिपच्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून फ्लश करा. ॲसिड किंवा क्लोरीनची प्रक्रिया त्याच आठवड्यात केली असेल तर हा हप्ता सोडून द्या. ड्रिपर तुंबायची धास्ती असेल तर पाठीवरच्या पंपाचं नोझल काढून बोदावर ओतत जाणं बरं.

फवारणी करायची तर संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एकास एक पाणी मिसळून, पानांच्या खालूनही. कडक उन्हातले अतिनील किरण पानावरचे जिवाणू झपाट्याने संपवतात. पाठीवरचा १६ लिटरचा पंप उत्तम. एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाचा २०-२५ किलोचा दाब बुरशीच्या धाग्यांच्या चिंधड्या करतो. दाब ५ किलोच्या आत ठेवा, बारीक फिल्टर काढा, मोठ्या छिद्राचं नोझल लावा. पंप स्वतंत्रच हवा. टू-फोर-डी मारलेला पंप कितीही धुऊन द्राक्षात नेऊ नये, आणि बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) टाकीतला निळसर थर चहा पडल्या पडल्या मारतो. ताम्रयुक्त औषध, गंधक किंवा मँकोझेबच्या आधी-नंतर चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा.

रोगांबद्दल स्पष्ट सांगायचं तर, चहाने रोग कमी झाल्याचे प्रयोग आहेत आणि काहीच फरक न पडल्याचेही आहेत. छाटणीनंतर पावसात सापडलेल्या बागेतला डाऊनी (केवडा रोग) चहाच्या भरवशावर सोडला तर घड हातचे जातील.

कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकात मात्र नियम कडक हवा. काकवीवर चांगले जिवाणू वाढतात तसे ई. कोलाय आणि साल्मोनेलाही वाढतात, खतात ते चुकून राहिले असतील तर. अमेरिकेच्या सेंद्रिय मानक मंडळाच्या कंपोस्ट टी समितीने २००४ मध्ये याच कारणासाठी शिफारस केली की असं खाद्य घातलेला चहा जिवाणू तपासणीत उतरला नसेल तर त्याला कच्च्या शेणाचाच नियम लावावा: मातीला टेकणाऱ्या मालाच्या काढणीआधी १२० दिवस, बाकीच्याला ९० दिवस. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत याचा अर्थ, लागणीनंतर लगेच मल्चिंगखालच्या ड्रिपमधून बिनकाकवीचा अर्क, तोही तापलेल्या कंपोस्टचाच. फुलं दिसली की बंद, आणि पानांवर कधीच नाही. कोथिंबीर, मेथी, पालक, काकडीवर फवारू नका.

धुणं

चहा काढल्यावर तासाभराच्या आत बॅरल, सांगाडा आणि नळी धुवा. वाळलेला थर ब्रशनेही निघत नाही, आणि पुढच्या खेपेला बिघाड तिथूनच सुरू होतो. सांगाड्याचे सांधे सोडून प्रत्येक तुकड्यातून बाटली धुवायचा ब्रश फिरवा. मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापडाने आतून-बाहेरून लावा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने खळबळून उन्हात वाळवा. बॅरलाच्या तळाच्या कडेला बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर पुन्हा घासा. पिशवीतला चोथा गांडुळांच्या वाफ्यावर टाका, त्यात अजून बरंच शिल्लक असतं.